पाण्यावर उगवणारे धान्य

भात कसा पिकतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नांगरणी, रोप, चिखलणी, लावणी, मग कापणी, झोडणी. पण एक धान्य असे आहे की त्याला नांगर लागत नाही, बैल लागत नाहीत, लावणी लागत नाही, आणि ते विळ्याने कापतही नाहीत. ते तळ्यात आपले आपण उगवते आणि लोक होडीत बसून ते काढतात. या पाठात त्या धान्याची माहिती घेऊ.

हे धान्य आपल्या देशातले नव्हे. उत्तर अमेरिकेत समुद्रासारखी पाच मोठी सरोवरे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्याचे नाव सुपीरियर. त्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला अमेरिकेची विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही राज्ये, उत्तरेला कॅनडा. या सगळ्या मुलखात हजारो लहान तळी आणि संथ वाहणाऱ्या नद्या आहेत. हिवाळ्यात तिथे अशी थंडी पडते की तळ्यांवर बर्फाची जाड लादी धरते आणि माणसे खुशाल तिच्यावरून चालत जातात.

या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहणारे लोक म्हणजे अनिशिनाबे. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी अशा त्यांच्या शाखा आहेत. जुन्या पुस्तकांत यांना 'तांबडे इंडियन' म्हटलेले आढळेल. कोलंबस निघाला हिंदुस्थान शोधायला, पोचला भलतीकडेच, आणि तिथल्या माणसांना 'इंडियन' म्हणून मोकळा झाला! ते लोक स्वतःला जे म्हणवतात तेच नाव आपण घेऊ.

त्यांच्या भाषेत या धान्याला मनोमिन म्हणतात. 'चांगला दाणा', 'चांगले फळ' असा त्याचा अर्थ ते लोक सांगतात. इंग्रजीत त्याला रानतांदूळ म्हणतात, पण तो आपला तांदूळ नव्हे. दोन्ही गवताच्याच कुळातले, तरी सख्खे भाऊ नव्हेत, चुलत म्हणा. ऑगस्ट-सप्टेंबरात मनोमिन पिकते, आणि त्या महिन्याला त्यांच्याकडे नावच आहे 'मनोमिन काढण्याचा चंद्र'. आपल्याकडे याच सुमारास भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचे अन्न खात नाहीत, आपोआप उगवलेले देवभात मिळाले तर ते रांधतात. तेव्हा न पेरलेल्या अन्नाचा मान आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही. मात्र आपल्याकडे तो एका दिवसापुरता. अनिशिनाबे लोकांच्या घरात ते वर्षभराचे अन्न असे.

हे लोक पूर्वी फार दूर, पूर्वेच्या समुद्राकाठी राहत. त्यांच्या वाडवडिलांनी सांगितलेली हकिकत अशी, की त्यांना भविष्यवाणी झाली : पश्चिमेकडे निघा, आणि जिथे अन्न पाण्यावर उगवते तिथे थांबा. मग ते निघाले. पिढ्या गेल्या. वाटेत सात मुक्काम झाले. शेवटचा मुक्काम सुपीरियर सरोवरातल्या एका बेटावर झाला. आज नकाशात त्याला मॅडेलिन बेट म्हणतात. भोवतालच्या तळ्यांत पाहतात तो काय, पाण्यावर धान्य डोलते आहे! दुसरीही एक गोष्ट ते मुलांना सांगतात. वेनाबोझो नावाचा त्यांचा एक आद्य पुरुष होता. तो एकदा शिकारीहून रिकाम्या हाताने परतला. पाहतो तर चुलीवरच्या भांड्याच्या काठावर एक बदक बसलेले. बदक उडाले, आणि भांड्यात हे धान्य शिजलेले दिसले. त्याने खाल्ले, त्याला आवडले, आणि बदक गेले त्या दिशेने जाता जाता तो तळ्याशी पोचला. गोष्ट आहे, पण तिच्यात निरीक्षण आहे. बदके आणि हे धान्य यांची खरोखरच जोडी असते.

आता या रोपाचे वर्ष कसे जाते ते नीट पाहू. हे कळले म्हणजे पुढचे सारे कळेल.

पिकलेला दाणा झडतो आणि पाण्यात पडतो. दाणा लांब आणि सडपातळ असतो, त्याला लांब कुसळ असते. बाणासारखा तो सरळ खाली जातो आणि गाळात रुततो. तिथे तो हिवाळाभर पडून राहतो. वर बर्फ, खाली गार पाणी, असे तीन-चार महिने गेले नाहीत तर तो उगवतच नाही. आपले बियाणे आपण कणगीत कोरडे जपतो. हा दाणा कोरडा पडला तर मरतो. काही दाणे मात्र पहिल्या वर्षी न उगवता गाळातच राहतात आणि दोन-चार वर्षांनी डोके वर काढतात. एखादे साल पीक गेले तरी वंश बुडत नाही तो यामुळे.

वसंतात बर्फ वितळले की कोंब फुटतो. आधी पाने पाण्याखालीच असतात. जून महिन्यात ती पाण्याच्या पृष्ठावर येतात आणि मोकळ्या सोडलेल्या केसांसारखी आडवी पसरतात. हा काळ फार नाजूक. रोपाची मुळे अजून गाळात घट्ट बसलेली नसतात आणि वर पाने तरंगत असतात. अशा वेळी पाणी एकदम वीतभर चढले तर रोप मुळासकट उपटून निघते. पुढे महिनाअखेर ताठ उभे राहिले की मग त्याला तितके भय नाही. पाणी लागते गुडघाभर, फार तर कमरेइतके. त्याहून खोल नको, अगदी साचलेले नको, धावते नको. किती हा चोखंदळपणा!

लोंबी आली की तिच्यात वर मादीफुले आणि खाली नरफुले असतात. परागांचे काम वारा करतो. दाणे मात्र एकदम पिकत नाहीत. वरचे आधी, खालचे मागून, असे आठवडा-दोन आठवडे चालते. पिकला की दाणा धरून राहत नाही. वारा आला, पाखरू बसले, की झडलाच. दर साली पीक सारखे येत नाही. चार सालांत एक भरघोस, दोन बेताची आणि एक बुडीत, असा साधारण हिशेब तिथले लोक धरतात.

या तळ्यांत एकटे मनोमिन नसते. बदके, हंस, रानहंस, पाणकोंबडीच्या जातीचे पक्षी दाणे खायला येतात. पाणउंदीर त्याचे देठ खातात आणि त्यांचेच घरटे रचतात. माशांची पिल्ले देठांच्या गर्दीत लपतात. मुळांमुळे गाळ धरून राहतो आणि लाटांचा जोर मोडतो.

काढणी कशी होते? एका होडीत दोघे. नवरा-बायको असतील, बाप-लेक असतील. एकजण उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. काठीच्या टोकाला बेचके असते, म्हणजे ती गाळात रुतत नाही आणि मुळेही तुटत नाहीत. दुसरा खाली बसतो. त्याच्या दोन्ही हातांत एकेक हलकी काठी, सीडर नावाच्या लाकडाची. एका काठीने तो उभी रोपे होडीवर वाकवतो, दुसरीने लोंबीवरून हलकेच हात फिरवल्यासारखे करतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे लोंबीतच राहतात, आणि रोप पुन्हा उभे राहते. दोन-चार दिवसांनी त्याच तळ्यात पुन्हा जायचे. तोवर पुढचे दाणे तयार झालेले असतात.

इथे 'बडवणे' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला नाही. झोडपले तर देठ मोडेल आणि कच्चे दाणे वाया जातील. मिनेसोटा राज्याने तर कायदाच केला आहे. काठी गोल व गुळगुळीत, लांबी ३० इंचांपेक्षा जास्त नको, वजन १ पौंडापेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको. होडी ३६ इंचांहून रुंद नको, आणि ती यंत्राने चालवायची नाही. पूर्वी असे कागदी कायदे नव्हते. तळे कधी उघडायचे हे जाणती वडीलधारी माणसे ठरवीत. ती रोज पाहणी करीत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय कोणी होडी घालीत नसे. आजही अनिशिनाबे लोकांच्या राखीव मुलखात पुष्कळ ठिकाणी हीच रीत आहे. पाण्यात उतरण्याआधी चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहतात. ती त्यांची पवित्र वस्तू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पण या पद्धतीत किती तरी दाणे पाण्यात सांडत असतील!" सांडतात तर. होडीत येतात त्याहून जास्तच सांडतात. पण आताच आपण पाहिले की पुढच्या सालचे बियाणे म्हणजे हेच सांडलेले दाणे. पेरणी निराळी करावीच लागत नाही.

होडी काठाला आली की पुढचे काम सुरू होते, आणि ते सोपे नाही. दाणे पसरून सुकवतात. मग लोखंडी कढईत घालून मंद जाळावर भाजतात. सारखे परतावे लागते, नाही तर करपतात. भाजल्याने टरफल सुटे होते आणि धान्य टिकते. नंतर मळणी. जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात लाकडाचे अस्तर देतात, त्यात भाजलेले दाणे घालतात. मग एखादा हलक्या अंगाचा मुलगा नवी, स्वच्छ कातडी पादत्राणे घालून त्यात उतरतो, बाजूच्या दांड्याला धरून अंगाचा भार तोलतो, आणि पावलांनी दाणे मळतो. याला ते नाचणेच म्हणतात. जड माणूस नको, दाणा तुटतो. शेवटी बर्च नावाच्या झाडाच्या सालीच्या सुपाने पाखडतात. आता मळणीला पुष्कळांनी यंत्रे घेतली आहेत, तरी जुनी रीत मुलांना मुद्दाम शिकवतात. होडीत आलेल्या ओल्या धान्याचे शेवटी निम्मे, कधी त्याहूनही कमी उरते. नव्या धान्याचा पहिला घास देवाला व वाडवडिलांना दाखवल्याशिवाय खात नाहीत.

असे भाजलेले धान्य करड्या-तपकिरी रंगाचे असते. वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, आणि त्याला धुराचा किंचित वास येतो. पोषणातही ते चांगले. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात प्रथिने सात ग्रॅमच्या आसपास, तर यात चौदाच्या वर.

मोठ्या शहरातल्या दुकानांत मात्र 'रानतांदूळ' म्हणून काळाकुळकुळीत, चकचकीत दाणा मिळतो. तो शिजायला पाऊण तास ते तास लागतो. तो तळ्यातला नव्हे, शेतातला. १९५० साली मिनेसोटात काही जणांनी बांध घालून खाचरांत हे पीक घेऊन पाहिले. पुढे तिथल्या विद्यापीठाने न झडणारे वाण तयार केले. झडत नाही म्हणजे यंत्राने एकदम कापता येते. मग कंपन्या आल्या, आणि पीक पार दूरच्या कॅलिफोर्निया राज्यात गेले. तिथे ते इतके पिकू लागले की भाव उतरला आणि होडीतून धान्य काढणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. १९७७ साली मिनेसोटाने मनोमिन हे आपल्या राज्याचे धान्य ठरवले, पण तोवर बाजारातला बराच माल खाचरातला होता. आता त्या राज्यात खाचरातल्या मालावर तसे लिहावे लागते. आमच्या मते खाचर करणाऱ्याला दोष देता येत नाही. आपला भातही एके काळी रानातलाच, झडणाराच होता. माणसाने न झडणारे ताट निवडत निवडत तो माणसाळवला. पण रानातला म्हणून सांगून शेतातला विकणे ही लबाडी आहे, आणि तिचा तोटा गरिबाने सोसला.

याहून मोठे संकट पाण्याचे. मिसिसिपी ही अमेरिकेची मोठी नदी. तिचा उगम मिनेसोटात, याच लोकांच्या मुलखात होतो. खालच्या अंगाला गिरण्या होत्या, बोटी चालत होत्या. त्यांना बारमाही पाणी हवे होते. म्हणून सरकारने उगमाजवळच्या तळ्यांवर धरणे बांधली. विनिबिगोशिश तळ्यावरचे धरण १८८४ साली पुरे झाले. पाणी चढले आणि मनोमिनचे ताटवे बुडाले, गवताची कुरणेही बुडाली. विस्कॉन्सिनमध्ये १९२३ साली विजेसाठी असेच धरण झाले. तिथे ओजिब्वे लोकांचे एक गावच पाण्याखाली गेले. धरणाने पाणी नाहीसे होत नाही, उलट वाढते, मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. त्याने जून महिन्यातली ती तरंगती पाने आठवावीत.

दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. या भागात लोखंडाच्या मोठ्या खाणी आहेत. खाणीच्या पाण्याबरोबर सल्फेट नावाचा क्षार तळ्यात येतो. तळाच्या गाळात सूक्ष्म जंतू असतात. ते सल्फेटचे सल्फाइड करतात, आणि ते मुळांना विषासारखे बाधते. वरून पाणी स्वच्छ दिसते, रोप मात्र खंगत जाते. १९७३ साली मिनेसोटाने नियम केला, की मनोमिनच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक सल्फेट असू नये. नियम चांगला, पण पुष्कळ वर्षे तो कागदावरच राहिला. २०२१ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने तिथली तीसहून अधिक तळी व नद्या सल्फेटने बिघडलेल्या पाण्यांच्या यादीत घातल्या.

आता एका तळ्याची हकिकत सविस्तर सांगतो. विस्कॉन्सिनमध्ये मोल लेक नावाची जागा आहे. तिथे ओजिब्वे लोकांची सोकाओगोन नावाची लहानशी शाखा राहते. सरकारशी झालेल्या करारांत यांच्या वाट्याला जमीनच आली नाही. कित्येक वर्षे ते आपल्याच मुलखात बिनजमिनीचे राहिले. १९३४ च्या कायद्यानंतर त्यांना थोडी राखीव जमीन मिळाली. त्या जमिनीत राइस लेक नावाचे मनोमिनचे तळे आहे. तेच त्यांचे धन.

१९७० नंतरच्या दशकात एक्सॉन या मोठ्या तेलकंपनीला या तळ्याच्या वरच्या अंगाला जस्त आणि तांबे यांचा मोठा साठा सापडला. खाण झाली असती तर तिचे पाणी कुठे गेले असते? उताराकडे, तळ्यात. खाणीत उपसा केल्याने झऱ्यांचे पाणी आटले असते ते निराळेच. मूठभर माणसे आणि समोर एवढी थोरली कंपनी. पण लोक हटले नाहीत. त्यांनी शास्त्रज्ञांकडून पाणी तपासून घेतले, सभा घेतल्या, शेजारच्या पोटावाटोमी आणि इतर जमातींना, मासेमारी करणाऱ्या गोऱ्या शेजाऱ्यांनाही बरोबर घेतले. १९९५ साली त्यांनी केंद्र सरकारकडून आपल्या पाण्याच्या शुद्धतेचे नियम स्वतः ठरवण्याचा अधिकार मिळवला. राज्य सरकार त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि हरले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायचेच नाकारले. एव्हाना खाणीचे मालक एकामागून एक बदलत होते. शेवटी २००३ साली सोकाओगोन आणि पोटावाटोमी या दोघांनी मिळून खाणीची सगळी जागा, पाच हजारांहून अधिक एकर, १ कोटी ६५ लाख डॉलरना विकतच घेतली. खाण झाली नाही. हा पैसा मुख्यतः त्यांच्या जुगारघरांच्या उत्पन्नातून आला. जुगाराविषयी आमचे मत चांगले नाही आणि ते बदलणारही नाही. पण तो पैसा कशासाठी खर्चला हेही सांगायला हवे.

कागद जपून ठेवण्याचे मोलही या लोकांना कळले. १८३७ साली त्यांनी अमेरिकेच्या सरकारला मोठा मुलूख दिला, तेव्हा करारात लिहून घेतले, की तिथे शिकार करणे, मासे धरणे आणि तळ्यांतले रानतांदूळ काढणे हा आमचा हक्क राहील. धान्याचे नाव करारात लिहिलेले होते. पुढे दीडशे वर्षे हा हक्क कोणी मानी, कोणी न मानी. अखेर १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की हक्क शाबूत आहे. अकरा जमातींनी १९८४ साली एकत्र येऊन एक मंडळ काढले आहे. जिथले मनोमिन नाहीसे झाले अशा पाण्यांत ते पुन्हा बी टाकण्याचे काम करते. बी टाकून भागत नाही, पाण्याची पातळीही सांभाळावी लागते. हिवाळे कमी थंड होत आहेत, अवेळी जोराचे पाऊस येतात, ती अडचण वेगळीच.

मिनेसोटातल्या व्हाइट अर्थ इथल्या ओजिब्वे लोकांनी २०१८ च्या अखेरीस एक निराळाच कायदा केला. माणसाला जसे हक्क असतात तसे मनोमिनलाही आहेत, असे त्यांनी लिहिले. त्याला जगण्याचा, वाढण्याचा हक्क, स्वच्छ पाण्याचा हक्क, आणि त्याच्या बियाण्यावर कोणी मालकी सांगू नये हा हक्क. झाडाला कसले हक्क, असे ऐकणाऱ्याला वाटेल. पण देवस्थानच्या खटल्यात आपल्याकडे देवाच्या नावाने दावा लागतो, हे ज्यांनी कोर्टाची पायरी चढली आहे त्यांना माहीत आहे.

या कायद्याची परीक्षा लवकरच झाली. कॅनडातून खनिज तेल आणणारी मोठी नळवाहिनी मिनेसोटातून, मनोमिनच्या पाण्यांजवळून टाकली जात होती. त्या कामासाठी राज्याच्या खात्याने सुमारे ५०० कोटी गॅलन पाणी जमिनीतून उपसायला परवानगी दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये व्हाइट अर्थच्या न्यायालयात दावा दाखल झाला. वादींच्या यादीत पहिले नाव होते मनोमिन. ऑक्टोबरात नळातून तेल वाहू लागले. मार्च २०२२ मध्ये जमातीच्याच वरिष्ठ न्यायालयाने सांगितले, की राखीव मुलखाच्या बाहेर, जमातीबाहेरच्या लोकांनी केलेल्या कामावर आपला अधिकार चालत नाही. दावा निघाला. कायदा रद्द झालेला नाही.